वार्धक्यातील शुश्रूषा : घरी की संस्थेत?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



गेल्या वार्षिक सभेत आपल्या मंडळाने एक वृद्धाश्रम बांधावा अशी सूचना पुढे आली आणि टाळ्यांच्या गजरात तिचे स्वागत झाले. सूचना करणाऱ्यांचा हेतू निर्मळ आहे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. ज्यांची मुले पुण्यामुंबईस, बंगळुरास किंवा थेट परदेशी स्थायिक झाली आणि जे मागे दोघेच, पुष्कळदा एकटेच, राहिले, अशी घरे आपल्या ज्ञातीत आता थोडीथोडकी नाहीत. त्यांची काही तरी सोय व्हावयास हवी, हे कोणीही मान्य करील. परंतु सोय म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम इमारतच का उभी राहते, हा प्रश्न मला त्या सभेपासून सतावीत आहे. या विषयावर बोलण्याची आज्ञा मंडळाकडून झाली, तेव्हा अन्यत्र काय घडले ते आधी नीट पाहावे असे मी ठरविले. त्यातून अमेरिकेचे उदाहरण जरा विस्ताराने सांगणार आहे. त्या देशाने वृद्धांसाठी काढलेला सार्वजनिक पैसा प्रथम इमारतींत ओतला आणि तो घरांकडे वळविण्यासाठी त्यास पुढे अनेक दशके झगडावे लागले. शिवाय आपल्यापैकी कित्येकांची मुलेबाळे तेथे आहेत, त्यामुळे हा विषय केवळ दूरदेशीचा म्हणता येणार नाही.

आरंभी एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले म्हणजे खासगी प्रसूतिगृह अथवा शस्त्रक्रियेचा दवाखाना असे आपण समजतो. अमेरिकेत त्या नावाने जी संस्था ओळखली जाते, तिच्यात उठता-बसता न येणारी, स्वतःच्या हाताने न जेवणारी, स्मृती गेलेली वृद्ध माणसे महिनोन्महिने, वर्षानुवर्षे ठेवलेली असतात. आपल्या वृद्धाश्रमाहून तिचे काम अधिक रुग्णसेवेचे असते. मी तिला शुश्रूषागृह म्हणेन.

दिनांक ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यातून मेडिकेअर आणि मेडिकेड या दोन योजना जन्मास आल्या. पहिली प्रामुख्याने पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी. दुसरी गरिबांसाठी, केंद्र आणि राज्य यांच्या सामाईक पैशातून चालणारी. म्हातारपणी मेडिकेअर सर्व काही पाहते, असा समज आपल्याकडेच काय, खुद्द त्या देशातही पसरलेला आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. रुग्णालयातून सुटून आलेल्या वृद्धाला शुश्रूषागृहात राहावे लागले, तर मेडिकेअर फार तर १०० दिवसांपर्यंत हातभार लावते. त्यापुढे न्हाऊ घालण्याचा, कपडे बदलण्याचा, घास भरविण्याचा जो दीर्घ खर्च, तो ज्याचा त्याने सोसावयाचा. शुश्रूषागृहाचा आकार वर्षाला लाख डॉलरहून अधिक होतो. तो भरता भरता आयुष्याची पुंजी आटते आणि ती पुरती आटली, म्हणजेच मेडिकेडचे दार उघडते. पुष्कळ राज्यांत एकट्या माणसाजवळ त्या वेळी २,००० डॉलरहून अधिक शिल्लक असता कामा नये असा दंडक आहे. जन्मभर काटकसरीने राहिलेल्या मनुष्याने अखेरीस निर्धन व्हावे आणि मगच सरकारने त्याला हात द्यावा, ही व्यवस्था श्रीमंत राष्ट्राची आहे हे ध्यानात घ्यावे.

पण खरी मेख पुढेच आहे. मेडिकेडच्या नियमांत शुश्रूषागृहाचा खर्च देणे प्रत्येक राज्यावर बंधनकारक केले गेले आणि घरी येऊन दीर्घकाळ रोजची मदत करणाऱ्या सेविकेचा खर्च मात्र राज्याच्या मर्जीवर सोडला गेला. याचा परिणाम काय व्हावयाचा तो झाला. ज्या आजीला सकाळी दोन तास आणि सायंकाळी एक तास कोणी येऊन गेले असते, तर ती आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या खिडकीपाशी राहू शकली असती, तिला ते तीन तास मिळेनात. पण घर सोडून संस्थेत गेली, की चोवीस तासांचा खर्च सरकार विनातक्रार देई. पैसा माणसाच्या मागे न जाता खाटेच्या मागे गेला.

हा विचित्रपणा अमेरिकेच्या जनतेस प्रथम उमगला तो एका लहान मुलीमुळे. आयोवा राज्यातील केटी बेकेट ही १९७८ साली जन्मली आणि अवघ्या पाच महिन्यांची असताना मेंदूच्या ज्वराने तिला पक्षाघात झाला. श्वासासाठी तिला यंत्राचा आधार लागे. तीन वर्षांची होईतो तिची प्रकृती इतकी सुधारली, की आईबापांनी तिला घरी नेण्यास वैद्यांची हरकत राहिली नाही. हरकत होती ती नियमाची. मूल रुग्णालयात असेतो मेडिकेड पैसे देणार. घरी नेले, की आईबापांचे उत्पन्न मोजले जाणार आणि मदत बंद होणार. घरचा खर्च रुग्णालयाच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी होता, तरीही! नोव्हेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकारांपुढे ही हकीकत सांगितली आणि त्या वर्षीचा नाताळ केटीने आपल्या घरी पाहिला. सरकारी खर्चाला कात्री लावण्यात ज्यांची ख्याती, त्या रेगन यांच्या कारकिर्दीतच, त्याच वर्षीच्या कायद्याने राज्यांना शुश्रूषागृहाऐवजी घरच्या सेवेवर पैसा खर्चण्याची सवलत मिळाली. केटी पुढे महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडली, अपंगांच्या हक्कांसाठी बोलू लागली, आणि २०१२ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी वारली.

सवलत मिळाली म्हणजे हक्क मिळाला असे नव्हे. तो अंशतः मिळाला १९९९ साली. जॉर्जिया राज्यात लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन या दोन स्त्रियांना सरकारी मनोरुग्णालयात ठेवले होते. त्या बाहेर, वस्तीत राहू शकतील असे त्यांच्यावर उपचार करणारेच सांगत होते. तरी बाहेरची सोय नाही म्हणून त्यांचा मुक्काम हलेना. त्या वर्षीच्या २२ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. अपंगांविषयीच्या १९९० च्या कायद्याचा आधार घेऊन न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलेल्या त्या निकालपत्राचे सार असे, की ज्याला समाजात राहता येईल आणि राहण्याची इच्छा आहे, त्याला विनाकारण संस्थेत कोंडणे हा भेदभाव होय. हा निकाल मनोरुग्णालयाविषयीचा असला, तरी पुढे वृद्धांच्या बाबतीतही तोच दाखला दिला जाऊ लागला. हळूहळू पारडे फिरले. दीर्घकालीन शुश्रूषेवर मेडिकेड जो पैसा खर्च करते, त्यातील निम्म्याहून अधिक वाटा २०१३ साली प्रथमच घरच्या व वस्तीतल्या सेवेकडे गेला. त्यानंतर कोविडच्या साथीत तेथील शुश्रूषागृहांत दीड लाखाहून अधिक माणसे मृत्यू पावली, तेव्हा एका छपराखाली दुर्बळ जीव गोळा करण्याचा धोका सर्वांनाच दिसला.

ही घरची सेवा प्रत्यक्षात चालते कशी, हे सांगितल्याशिवाय माझे बोलणे वाऱ्यावरचे राहील. कॅलिफोर्निया राज्याची योजना घेऊ. तेथे परगण्याच्या कचेरीतून समाजसेविका वृद्धाच्या घरी येते. स्नानास किती वेळ लागतो, जेवण कोण करते, कपडे कोण धुते, दवाखान्यात सोबत कोणाची, अशी एकेक बाब विचारून ती तास ठरविते. महिन्याची कमाल मर्यादा २८३ तासांची. सेविका निवडणे, तिला काम सांगणे, नको वाटल्यास बदलणे, हा अधिकार वृद्धाचा, वेतन सरकारचे. आणि विशेष असे, की ती सेविका नातलगही असू शकते. मुलगी किंवा सून आईची शुश्रूषा करीत असेल, तर तिच्या तासांचे वेतन तिला मिळते. अर्थात ही योजना अल्प उत्पन्नाच्या वृद्धांसाठी आहे. मुलाकडे भेटीस गेलेल्या आईबापांना ती लागू होत नाही, हेही सांगून ठेवतो, नाही तर संमेलनानंतर मला याच चौकशीची पत्रे यावयाची.

दोष नाहीत असे नाही, आणि ते झाकून ठेवण्यात हशील नाही. घरची सेवा आजही बहुतांशी ऐच्छिक सदरात आहे. त्यामुळे अनेक राज्यांत तिच्यासाठी प्रतीक्षायाद्या आहेत आणि २०२४ साली देशभर मिळून त्यांवर सुमारे सात लाख नावे होती. ४ जुलै २०२५ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने मेडिकेडच्या केंद्रीय पैशाला मोठी कात्री लावली. राज्यांची ओढाताण झाली, की बंधनकारक खर्चाला हात लावता येत नाही आणि ऐच्छिक तेच प्रथम छाटले जाते, ही भीती तेथील जाणत्यांस आहे. दुसरा दोष सेविकांच्या बाबतीतला. त्या बहुतेक स्त्रिया, पुष्कळशा कृष्णवर्णीय किंवा परदेशातून आलेल्या. वृद्धास सोबत करणारी म्हणून त्यांना १९७४ पासून किमान वेतनाच्या आणि जादा कामाच्या मोबदल्याच्या संरक्षणातून वगळले होते. तो नियम २०१३ साली बदलला, आणि २०२५ साली तो बदलच मागे घेण्याचा प्रस्ताव सरकारने मांडला. वृद्धाच्या घरपणाची किंमत दुसऱ्या कोणा गरीब स्त्रीने मोजावी, हा न्याय नव्हे.

आता आपल्या देशाकडे वळू. अमेरिकेच्या कायद्यातील जी मेख मी सांगितली, ती आपल्या व्यवस्थेत नाही काय? ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकास, त्याचे उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार खुले झाले. ही गोष्ट मोठीच आहे. परंतु ते उपचार रुग्णालयात दाखल झालेल्याचे. मांडीचे हाड मोडलेल्या आजोबांची शस्त्रक्रिया सरकारी खर्चाने होईल. ते घरी आले आणि पुढचे सहा महिने त्यांना उठवावयास, फिरवावयास, शौचास नेण्यास माणूस लागला, तर त्याचा एक पैसा त्या योजनेतून मिळणार नाही. तो माणूस ब्युरोकडून आणावयाचा, बारा तासांचा दर निराळा आणि चोवीस तासांचा निराळा, आणि निवृत्तिवेतन असेल तर ते सगळे त्यातच जावयाचे. आईवडिलांच्या निर्वाहाविषयी २००७ साली जो कायदा झाला, त्यातही प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांना सामावील असा एक तरी वृद्धाश्रम राज्याने उभारावा असे म्हटले आहे. घरी मदतनीस देण्याविषयी त्यात अवाक्षर नाही. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठी २०१० साली जो राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला, त्यात अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी आरोग्यसेवकाने जावे अशी तरतूद आहे खरी, पण रोजची आंघोळ आणि रोजचा घास यांची व्यवस्था तीत नाही. १९६५ साली अमेरिका जेथे उभी होती, साधारण तेथेच आपण उभे आहोत.

आपल्याच देशात याहून निराळी वाट एका राज्याने चोखाळली आहे. केरळात १९९३ साली कोझिकोड येथील वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल व डॉ. सुरेशकुमार यांच्या पुढाकाराने असाध्य रुग्णांच्या वेदनाशमनाचे काम सुरू झाले. रुग्ण दवाखान्यापर्यंत येऊच शकत नाही, हे ध्यानात आल्यावर ते काम घरोघर नेण्यात आले आणि मलप्पुरम भागातील सामान्य माणसे, म्हणजे दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी, थोडेसे शिक्षण घेऊन त्यात सामील झाली. २००८ साली राज्य सरकारने त्याविषयी धोरणच जाहीर केले आणि घरच्या शुश्रूषेचे दायित्व ग्रामपंचायती व नगरपालिका यांच्याकडे सोपविले. पंचायतीच्या पैशातून शिक्षित परिचारिका नेमली जाते. ती गाडीने खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाते, पाठीच्या जखमा धुते, लघवीची नळी बदलते, रुग्णास कूस कशी द्यावी हे घरच्यांना शिकविते. कर्करोगापासून आरंभ झालेले हे काम पक्षाघाताने वा केवळ जरेने खिळलेल्यांपर्यंत पोहोचले. ज्या राज्यातील घरोघरचे तरुण आखाती देशांत गेले, तेथे हे घडावे यात नवल नाही. परिचारिकेच्या फेऱ्या महिन्यात मोजक्याच होतात, मधले सारे दिवस घरच्या बाईवर पडतात, हे त्यातील उणे. त्या बाईसाठी सरकारने २०१० च्या सुमारास महिना काही शे रुपयांची मदत सुरू केली. रक्कम तुटपुंजीच, पण शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचे अस्तित्व सरकारी कागदावर नोंदले गेले, याचे मला अप्रूप वाटते.

कारण आपल्याकडे ती व्यक्ती कोणाच्याच हिशेबात नसते. आपल्या घरी सून करते, असे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. ती नोकरी सोडून करते, रात्री तीनदा उठून करते, स्वतःच्या कंबरदुखीकडे दुर्लक्ष करून करते, हे सांगत नाही. सेवेला पैशात मोजणे आपल्याला अशोभनीय वाटते. जर्मनीने ते १९९५ पासून मोजले आहे. तेथे नोकरदाराच्या पगारातून आरोग्यविम्याप्रमाणेच शुश्रूषाविम्याचीही वर्गणी कापली जाते. गरज पडली, की परीक्षक घरी येऊन त्या माणसाला स्वतःचे किती करता येते ते पाहतो आणि त्याची पायरी ठरवितो. मग कुटुंबाने एक तर व्यावसायिक सेवा घ्यावी, नाही तर रोख रक्कम घेऊन घरच्याच माणसाने करावे. २०२५ साली ती रक्कम पायरीनुसार महिना ३४७ ते ९९० युरो होती. घरी शुश्रूषा करणाऱ्याच्या वतीने, ठरावीक तास भरत असतील तर, विमाच निवृत्तिवेतनाची वर्गणी भरतो. २०२३ च्या अखेरीस तेथे शुश्रूषेची गरज असलेल्यांपैकी ८६ टक्के माणसे घरीच होती.

सरकारने पैसे देऊ केले, तर आज जे फुकट करतात तेही पैसे मागू लागतील, असा आक्षेप सर्व देशांतील अर्थखात्यांनी घेतला आहे. घेणारे वाढतात, हे खरेही आहे. पण फुकट याचा अर्थ एवढाच, की तो खर्च कोणा एका स्त्रीच्या आयुष्यातून वजा झाला आणि कोठेही मांडला गेला नाही.

घरची शुश्रूषा सर्वांनाच पुरेल असे मी म्हणत नाही. ज्याला मागे कोणी नाही, ज्याची स्मृती इतकी गेली की रात्री दार उघडून तो रस्त्याने भटकू लागतो, ज्याला उचलावयास दोन माणसे लागतात, त्याच्यासाठी संस्था हवीच. आणि ती चांगली हवी. माझे म्हणणे असे, की ती शेवटची पायरी असावी.

आपल्या वृद्धाश्रमाच्या योजनेकडे येतो. इमारतीस देणगी मिळविणे सोपे असते. दालनास आईचे नाव, पायरीस वडिलांचे, संगमरवरात अक्षरे कोरली जातात आणि ती दिसतात. कोणा म्हातारीला सकाळी घातलेल्या आंघोळीवर देणगीदाराचे नाव कोरता येत नाही. पण मंडळाने बांधलेल्या इमारतीत फार तर वीस-पंचवीस खाटा मावतील, आणि ज्यांना खरी गरज आहे ती माणसे शंभर गावांत विखुरलेली आहेत. गाव, शेजार, देवळाचा कट्टा आणि ओळखीचा वाणी सोडून येण्यास त्यातली किती तयार होतील?

त्यापेक्षा जो निधी जमला आहे त्यातून उंच-सखल होणाऱ्या खाटा, हवेच्या गाद्या, कमोडच्या खुर्च्या, वॉकर आणि चाकांच्या खुर्च्या घेऊन त्या अनामत रकमेवर फिरत्या ठेवाव्यात. तालुक्याच्या ठिकाणी आठ-दहा स्त्रियांना रुग्णशुश्रूषेचे रीतसर शिक्षण द्यावे, त्यांचे वेतन व सुट्टी आपण लेखी ठरवावी आणि ज्या घरांना परवडत नाही तेथील निम्मा भार मंडळाने उचलावा. येथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो, रागावू नये. शिक्षण घेणाऱ्या त्या स्त्रिया सगळ्या आपल्याच ज्ञातीच्या मिळणार नाहीत, आणि ज्यांची सेवा होईल तेही केवळ आपलेच असावेत असा आग्रह धरता येणार नाही. शेजारच्या भिंतीपलीकडे कण्हणारा वृद्ध दुसऱ्या ज्ञातीचा म्हणून आपली परिचारिका पुढच्या दाराने निघून गेली, तर ते मला पाहवणार नाही.

मंडळाची तिजोरी या कामास कधीही पुरी पडणार नाही, हेही उघड आहे. १९८१ साली केटी घरी आली ती कोणा संस्थेच्या वर्गणीवर नव्हे, सार्वजनिक पैशाचा नियम बदलला म्हणून. यास्तव या संमेलनाने राज्य सरकारकडे मागणी करावी, की रुग्णालयातून घरी सोडलेल्या सत्तरीपुढील रुग्णास ठरावीक काळ घरी मदतनीस द्यावी आणि ते काम ग्रामपंचायत व नगरपालिका यांच्यामार्फत व्हावे. तशा ठरावाचा मसुदा मी चिटणीसांच्या स्वाधीन केला आहे. आपल्यासारख्याच इतर मंडळांना त्याची प्रत पाठवावी, म्हणजे एकाच मागणीखाली अनेकांच्या सह्या पडतील.

मसुद्यावर आता चर्चा व्हावयाची आहे. अध्यक्षमहाशयांना माझी विनंती अशी, की पहिल्या तीन वक्त्या सभागृहातील भगिनींमधून घ्याव्यात. घरोघरी हे काम प्रत्यक्ष त्याच करीत आहेत, आणि किती तासांची मदत मागावी हा आकडा मसुद्यात मी मुद्दाम कोरा ठेवला आहे. तो त्यांनी भरावा.